मांजऱ्या दगडात किती धूर मावतो?

बेळगावहून धारवाडला येताना रस्त्याकडेच्या कापलेल्या टेकड्या बघत बसावं. बेळगावच्या आसपास लावाचा काळा कातळ आणि त्यावर जांभा. पुढे कुठंतरी तो काळा दगड पातळ होत होत संपतो आणि धारवाडच्या टेकड्यांत हिरवट-करडे, पापुद्रे सुटणारे उभे थर दिसू लागतात. रॉबर्ट ब्रूस फूट यानं हा मुलूख पायी आणि घोड्यावरून धुंडाळला. त्याचा १८७६ सालचा ग्रंथ ‘साउथ मराठा कंट्री’च्या भूशास्त्रावर आहे. या थरांना धारवाडचं नाव त्यानंच १८८०च्या दशकात दिलं. पेढ्याच्या आधी धारवाड जगात पोचलं ते दगडामुळं.

मात्र हे थर ज्या जुन्या भूखंडाचा भाग आहेत, तो धारवाडला थांबत नाही. तो उत्तरेकडे महाराष्ट्राच्या लावाखाली शिरतो. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथं बोअर घेतलं, तेव्हा ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला आणि जेमतेम ८ मीटरच्या गाळाखाली तो पुरातन खडक लागला. महाराष्ट्राच्या मोठ्या भागाचं जोतं धारवाडच्याच भूखंडाचं आहे, असं म्हणायला हरकत नाही.

हे सगळं आठवण्याचं कारण मुंबईच्या पवईत आहे. आयआयटीतले भूविज्ञानाचे प्राध्यापक विक्रम विशाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये देशभरच्या खडकांचा हिशेब मांडला. कारखान्यांच्या धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीत गाडायचा, तर भारतात किती मावेल? उत्तर आलं ३९५ ते ६१४ अब्ज टन. त्यातले ९७ ते ३१६ अब्ज टन एकट्या बेसाल्टच्या वाट्याचे. देश आज वर्षाला साधारण ३ अब्ज टन सोडतो. म्हणजे कागदावर तरी काळा कातळ तीस ते शंभर वर्षांचा धूर पोटात घेईल. ‘कागदावर’ हा शब्द माझा नाही. त्या हिशेबातच क्षमता सैद्धांतिक असल्याचं स्पष्ट आहे, आणि किमान-कमालातली तिपटीहून मोठी दरीही तेच सांगते.

बेसाल्टच का? हा वायू पाण्यात विरघळला की पाणी सोड्यासारखं आंबट होतं. ते आंबट पाणी बेसाल्टमधलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह सोडवून घेतं आणि त्यांच्याशी संयोग होऊन कार्बोनेट, म्हणजे चुनखडीसारखा दगडच, तयार होतो. आइसलंडमध्ये २०१२ साली सुमारे २३० टन वायू असा पाण्याबरोबर सोडला. दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून अधिक वायूचा दगड झाला. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा भूशास्त्रज्ञांनाही तो वेग अनपेक्षित होता.

आपला दगड मात्र आइसलंडचा नाही. तिथला बेसाल्ट कोवळा आहे, आपला साडेसहा कोटी वर्षांचा. विहीर खणणारे ज्याला ‘मांजऱ्या’ म्हणतात तो भोकाभोकांचा दगड वायूला सोयीचा, पण त्याची पुष्कळ भोकं झिओलाइट आणि कॅल्साइटनं आधीच भरलेली. पर्यटक जळगावचे ते पांढरे-हिरवे स्फटिक विकत घेतात. वायूच्या दृष्टीनं ती भाड्यानं गेलेली खोली. शिवाय वरच्या मांजऱ्याला लागणारं पाणी माणसं पितात. वायू सोडायचा तर त्याच्या कितीतरी खाली.

आता नकाशा उघडू. लावा जाड कुठं? कोयनेच्या दक्षिणेला गोठण्याला ३ किलोमीटरचं बोअर घेतलं, तिथं बेसाल्टची जाडी १,२४७ मीटर भरली. उत्तम! पण ते बोअर घेतलं होतं भूकंपाच्या अभ्यासासाठी. धरणाच्या पाण्याचा भार आणि ११ डिसेंबर १९६७चा भूकंप यांचं नातं ज्या भागानं जगाला शिकवलं, तिथं दाबानं द्रव सोडायची परवानगी मागायला कोण जाईल? उलट, कोळशावरचं मोठं वीजकेंद्र आहे विजापूर जिल्ह्यातल्या कुडगीला, २,४०० मेगावॉट. तेही लावावरच, पण त्याच्या विरत्या कडेला. तोरणगल्लूचा पोलाद कारखाना तर थेट जुन्या भूखंडावर. जिथं धूर, तिथं पुरेसा दगड नाही. म्हणजे नळ टाकणं आलं.

आणि पाणी. आइसलंडच्या पद्धतीत एका टनाला सुमारे २५ टन लागतं. कुडगी पूर्ण क्षमतेनं चाललं आणि युनिटमागे ०.९ किलो वायू धरला, तर दिवसाला सुमारे ५२ हजार टन. त्याला पाणी १३० कोटी लिटर. हुबळी-धारवाडची २०११ची वस्ती साडेनऊ लाखांच्या आतबाहेर. माणशी १३५ लिटर दिलं तरी १३ कोटी पुरे. दहापट फरक. तेच पाणी खालून उपसून पुन्हा वापरता येतं, हे खरं. अमेरिकेत वॉलुलाला २०१३ मध्ये हजार टनांच्या आसपास वायू पाण्याविनाच दाबून घातला, हेही खरं. पण दाबलेला वायू तसाच दाट राहायला साधारण ८०० मीटर खोली हवी. ती कुठं मिळते, ते वर आलंच.

नीती आयोगाच्या नोव्हेंबर २०२२च्या अहवालानं २०५० पर्यंत वर्षाला ७५ कोटी टन पकडण्याची गोष्ट केली. संशोधनाची दोन राष्ट्रीय केंद्रंही झाली, एक पवईला, दुसरं बंगळुरात. धारवाड बरोबर वाटेत. माझं मत विचाराल तर हा दगड कोळशाच्या विजेसाठी खर्चू नये. धूर पकडण्यातच केंद्राची पाचव्या-चौथ्या हिश्श्याइतकी वीज जाते, आणि इकडे गदगच्या माळावर पवनचक्क्या उभ्या आहेतच. सिमेंटचं तसं नाही. चुनखडी भाजली की वायू सुटणारच, भट्टी कशावरही पेटवा. पोलादाचीही अडचण बरीचशी तशीच. त्यांच्यासाठी जागा राखावी.

दगड वायू धरून ठेवेल का, याची काळजी मात्र मला नाही. गदगजवळ होसूरला विसाव्या शतकाच्या आरंभी सोन्याच्या खाणी चालल्या. तिथला जुना लावा अडीचशे कोटी वर्षांपूर्वी खालून आलेल्या वायुमिश्रित गरम पाण्यानं बदलला. त्याच पाण्यानं सोनं आणलं. भूशास्त्राचे विद्यार्थी खिशात सौम्य अॅसिडची बाटली बाळगतात. इथल्या तपकिरी कार्बोनेटच्या शिरेवर थेंब टाकला तर काहीच होत नाही. चाकूनं खरवडून पूड करायची, त्यावर थेंब टाकायचा आणि कान जवळ न्यायचा. मग बारीक चरचर ऐकू येते.