७५ किलोहर्ट्झचे छत

एफएम रेडिओवर निवेदिका बोलते तेव्हा तिचा आवाज आहे तसा श्रोत्यापर्यंत पोहोचत नाही. हळू उच्चारलेले शब्द वर ओढले जातात, मोठे दाबले जातात आणि तरीही उसळी मारणारी ध्वनिलहरींची टोके चक्क छाटली जातात. हे सगळे जी यंत्रणा करते तिला रेडिओच्या दुनियेत ‘ऑडिओ प्रोसेसर’ म्हणतात. पूर्वी ही यंत्रणा म्हणजे रॅकमध्ये बसवलेली जडशीळ पेटी असे. आता तेच काम साध्या संगणकावरचे सॉफ्टवेअर करते.

एवढी उठाठेव कशासाठी? एफएममध्ये आवाज जितका मोठा, तितकी वाहक लहर आपल्या ठरलेल्या वारंवारतेपासून दूर सरकते. हे सरकणे, म्हणजे विचलन, दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंतच चालते. पुढे गेले की शेजारच्या स्टेशनाच्या हद्दीत घुसखोरी होते. ट्रान्समीटर कितीही दांडगा असला तरी त्यामुळे स्टेशन दूरवर पोहोचते, मोठ्याने वाजत नाही. मोठे वाजायचे तर एकच वाट उरते: छताला न धडकता सरासरी पातळी जमेल तितकी वर नेणे. आणि मोठे वाजणे हा तर रेडिओवाल्यांचा जुना हट्ट. स्टेशने बदलत जाणारा श्रोता खणखणीत आवाजाशी थबकतो, अशी त्यांची पक्की समजूत!

त्यात आणखी एक पाचर आहे. खरखर कमी व्हावी म्हणून एफएम प्रक्षेपणात तीव्र स्वर मुद्दाम वाढवून पाठवतात आणि रेडिओ संच ते परत खाली आणतो. युरोपात आणि भारतात वापरल्या जाणाऱ्या ५० मायक्रोसेकंदांच्या मानकानुसार १५ किलोहर्ट्झला ही वाढ सुमारे १३.७ डेसिबल भरते. साहजिकच ‘स’, ‘श’ आणि झांजांचा आवाज सर्वांत आधी छताला लागतो.

मग टोके छाटून टाकली की झाले? तसे होत नाही, आणि गंमत इथेच आहे. समजा, ६ किलोहर्ट्झचा सूर इतका छाटला की त्याची लहर जवळजवळ चौकोनी झाली. चौकोनी लहर मूळ सूर आणि त्याच्या तिप्पट, पाचपट अशा विषम पटींच्या सुरांची बनलेली असते. पुढची पायरी १५ किलोहर्ट्झच्या गाळणीची. ही गाळणी १८ आणि ३० किलोहर्ट्झचे सूर काढून टाकते. उरलेल्या शुद्ध सुराची उंची मात्र छाटलेल्या लहरीपेक्षा २७ टक्क्यांनी जास्त निघते! गणितात हे गुणोत्तर चार भागिले पाय असे येते. छाटून बसवलेला आवाज गाळल्यावर पुन्हा छत फोडतो. त्यामुळे अभियंते पातळी दोनेक डेसिबल खाली ठेवून प्रक्षेपण करत आणि हातची जागा वाया जाई.

अमेरिकेतील अभियंता बॉब ऑर्बन यांनी १९७५ मध्ये ‘ऑप्टिमॉड-एफएम ८०००’ बाजारात आणला तो याच दुखण्यावर. पातळीला मर्यादा घालणारा लिमिटर, गाळणी आणि स्टिरिओ संकेत तयार करणारा भाग त्यांनी एकाच पेटीत, एकमेकांशी जुळवून बसवला. गाळणीनंतरची उसळी आवरली आणि वाया जाणारी जागा कामी आली. स्पर्धक स्टेशनांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

हेच गणित सॉफ्टवेअरमध्ये उतरवताना वेगळाच चकवा भेटतो. संगणक आवाजाचे नमुने घेतो, सीडीच्या दर्जाला सेकंदाला ४४,१०० या दराने. या दराने ९ किलोहर्ट्झचा सूर छाटला तर त्याचा पाचपट सूर ४५ किलोहर्ट्झवर यायला हवा. नमुन्यांच्या जगात तेवढी जागाच नाही. तो दुमडून ९०० हर्ट्झवर उतरतो, म्हणजे मूळ गाण्यात कुठेही नसलेला सूर ऐन मध्यावर वाजू लागतो. चित्रपटात गाडीचे चाक उलटे फिरताना दिसते, तसाच हा प्रकार. म्हणून चांगले सॉफ्टवेअर छाटणीपूर्वी नमुन्यांचा दर कित्येक पटींनी वाढवते आणि नंतर खाली आणते. नेदरलँड्सच्या हान्स व्हॅन झुटफेन यांचे ‘स्टिरिओ टूल’ हे या वर्गातले गाजलेले नाव. १९२ किलोहर्ट्झ दराचे साउंडकार्ड जोडले की हे सॉफ्टवेअर स्टिरिओ आणि स्टेशनच्या नावासकट ट्रान्समीटरला द्यायचा पूर्ण संकेत स्वतःच तयार करते.

प्रोसेसर किती समजूतदार आहे हे ओळखायचे असेल, तर ख्यालाचे ध्वनिमुद्रण लावावे. भोंगळ जुळणी असेल तर डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्याला तंबोरा दबतो आणि पुन्हा फुगून वर येतो. पॉप गाण्यात हे खपून जाते, अखंड वाजणाऱ्या तंबोऱ्यात लपत नाही. आवाजाचे पट्टे पाडून प्रत्येकाला मोठा आवाज दाबणारा वेगळा कॉम्प्रेसर दिला, की डग्ग्याची शिक्षा फक्त खर्जाच्या पट्ट्यापुरती राहते.

अलीकडे तर स्टेशनकडे येणारे संगीतच आधी छाटलेले असते. मेटॅलिका या बँडचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम इतका चेपून काढला होता, की त्याच गाण्यांची व्हिडिओ गेममधली आवृत्ती श्रोत्यांना सरस वाटली. आता प्रोसेसिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डीक्लिपर’ असतो. तो छाटलेली टोके अंदाजाने परत जोडतो. मग पुढच्या टप्प्यावर तीच टोके नव्याने छाटली जातात. याला उपचार म्हणावे की विनोद, हे ज्याचे त्याने ठरवावे.

या चढाओढीला खरा लगाम बसला तो मोजणीमुळे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये बीएस.१७७० या शिफारशीत कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याची रीत घालून दिली. त्यावर बेतून युरोपीय प्रसारण संघाने २०१० मध्ये आर १२८ हे मानक आणले आणि या मोठेपणाच्या एककात, म्हणजे एलयूएफएसमध्ये, उणे २३ ही पातळी ठरवली. जाहिरातदार शांततेचे तुकडे घुसवून सरासरी खाली आणतील, ही शंका होतीच. म्हणून सरासरीच्या मानाने फार हळू असलेले तुकडे हिशेबातूनच वगळले जातात. अमेरिकेत जाहिरातींच्या किंचाळण्याविरुद्धचा कायदा डिसेंबर २०१२ पासून लागू झाला. आर १२८ नुसार मोठेपणा मोजणारा मापक आज एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरमध्येही मिळतो.

पण हा सगळा कारभार मुख्यतः टीव्हीचा. एफएमसाठी त्याच दूरसंचार संघाची बीएस.४१२ ही शिफारस आहे. कोणत्याही ६० सेकंदांतील संकेताची सरासरी शक्ती, १९ किलोहर्ट्झ विचलन घडवणाऱ्या एका सुराच्या शक्तीपेक्षा जास्त असू नये, असे ती सांगते. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये ती पाळावी लागते. जिथे फक्त ७५ चे छत आहे आणि सरासरीवर बंधन नाही, तिथे चेपाचेपी चालूच राहते.

ती तपासण्याचे साधनही आता खिशात मावते. रिअलटेकची आरटीएल२८३२यू ही चिप खरे तर संगणकावर टीव्ही पाहण्यासाठीच्या यूएसबी डाँगलची. तिच्यातील एफएम ऐकण्याची सोय रेडिओलहरींचे कच्चे नमुने संगणकाकडे पाठवूनच चालते, हे फिनलंडच्या अँटी पालोसारी यांना २०१२ मध्ये आढळले आणि जगभरचे हौशी कामाला लागले. सलग दोन नमुन्यांच्या कलेतील (फेजमधील) फरकातून क्षणाक्षणाचे विचलन मिळते. कूली आणि टुकी यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या जलद फूरिये पद्धतीने त्याचे पृथक्करण केले, की स्टेशनचे सारे अंतरंग पडद्यावर उलगडते. १५ किलोहर्ट्झपर्यंत डाव्या-उजव्या आवाजाची बेरीज, १९ वर पायलट नावाची एकटी सरळ रेघ, २३ ते ५३ मध्ये वजाबाकी आणि ५७ वर स्टेशनचे नाव वाहून नेणारा, सेकंदाला ११८७.५ बिटांचा संथ प्रवाह.

अशा मोजणीला कायद्याचे वजन नाही. इमारतींवरून परतलेल्या लहरी मूळ लहरीत मिसळतात आणि निर्दोष स्टेशनही ७५ ओलांडताना दिसते. म्हणून जाणकार आधी पायलट पाहतात. त्याचा वाटा ६ ते ७.५ किलोहर्ट्झ विचलनाच्या दरम्यान स्थिर असायला हवा. तो डोलत असेल तर स्टेशनला दोष देण्यापूर्वी अँटेनाची जागा बदलून पाहतात.