पॉइंटातली चांदी

केंद्रीय मंत्रिमंडळाने 3 सप्टेंबर 2025 रोजी महत्त्वपूर्ण खनिजांच्या पुनर्वापरासाठी 1,500 कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली आणि ‘शहरी खाण’ या शब्दाला भाव आला. पाठोपाठ चांदीनेही वर्ष संपता संपता किलोला 2 लाखांचा टप्पा ओलांडला. पण ही खाण शहरीच का म्हणायची? उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीसारख्या बाजारगावात भंगार निघतं ते शेतीचंही: एक फेज गेल्याने जळालेली मोटार, तिच्या स्टार्टरची पेटी, वीज आली की मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो, केबल, एखादा कूलर. या मालात धातू किती आहे, हा प्रश्न सगळे विचारतात. माझ्या मते खरा प्रश्न तो धातू पहिल्यांदा कोण ओळखतो, हा आहे. भंगाराच्या काट्यावर वस्तूचं जे नाव पडतं त्यावरच पुढचा सगळा हिशेब ठरतो, आणि नुकसान होतं ते भट्टीत जाण्याआधी, या पहिल्या नावातच.

स्टार्टरची पेटी उघडून पाहा. इलेक्ट्रिशियन ज्यांना पॉइंट म्हणतात, त्या पितळी किंवा तांब्याच्या पट्ट्यांवर वाटाण्याहून लहान, काळपटलेल्या टिकल्या बसवलेल्या असतात. तीन फेजच्या नेहमीच्या स्टार्टरमध्ये फेजमागे दोन हलत्या आणि दोन स्थिर, म्हणजे एकूण 12. काळेपणा हा बहुतेकदा ठिणगीचा आणि हवेतल्या गंधकाचा. कानस फिरवली की खाली पांढरीशुभ्र चकाकी दिसते. ती खोलवर पांढरीच राहिली तर माल चांदीचा, दोन घासांत पिवळी पडली तर पितळेवर नुसता मुलामा. तेलात बुडणाऱ्या जुन्या स्टार्टरमध्ये पॉइंट अनेकदा नुसत्या तांब्याचे असतात, त्यामुळे पेटी पाहून पैज लावण्यात अर्थ नाही. टिकली पाव ग्रॅमची धरली, तर 12 टिकल्यांची 3 ग्रॅम, म्हणजे 2 लाखांच्या भावाने 600 रुपये. मिश्रधातू, झीज आणि शुद्ध करण्याचा खर्च वजा जाता निम्मे हाती आले, तरी पेटी लोखंडात मोजून मिळणाऱ्या पैशांपेक्षा ही रक्कम बरी. तांब्याचंही तसंच. हल्ली स्वस्त पंख्यांत आणि मोटारींत अॅल्युमिनियमची वाइंडिंग येते, आणि तिच्यावरच्या वार्निशचा रंग तांबूस असला की भलेभले फसतात. ब्लेडने खरवडलं की खाली पांढरं दिसतं. हातात तोललं तरी कळतं, कारण तांबं अॅल्युमिनियमच्या तिप्पटीहून जड. तांब्याचं पाणी दिलेली लोखंडी तार चुंबक पकडून देतो. या परीक्षांना ब्लेड, कानस, चुंबक आणि अनुभवी डोळा पुरतो, आणि यातल्या एकाही गोष्टीला सरकारी अनुदान लागत नाही.

महाराष्ट्राला ही विद्या परकी नाही. सराफकट्ट्याबाहेरची धूळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी इथलेच. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-विटा, आटपाडी भागातली माणसं तर दुष्काळाला कंटाळून गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात शिरली आणि देशभरातल्या सराफ बाजारांत जाऊन बसली. त्यांची कृती रसायनशास्त्राच्या पुस्तकात बसेल अशी आहे: नायट्रिक अॅसिडमध्ये चांदी विरघळते, सोनं तळाला राहतं, मग त्या द्रावणात तांब्याची पट्टी सोडली की तांबं स्वतः विरघळत जातं आणि चांदी बाहेर पडते. पण गलाईवाल्याचं खरं भांडवल अॅसिडच्या बरणीत नसतं. समोर आलेल्या लगडीत किंवा झाडलोटीत काय आणि किती निघेल, याचा अंदाज माल हाती घेतानाच बांधता येणं, हे ते भांडवल. अंदाज चुकला तर तोटा त्याचाच. विजेच्या भंगाराच्या साखळीत असा अंदाज घेणारा माणूस ढाणकीपाशी नाही, तो शेकडो किलोमीटर पुढे आहे, आणि मधल्या प्रत्येक हाताला तो माल ‘मिक्स’ म्हणूनच माहीत असतो. माझं म्हणणं एवढंच, की गलाईवाल्याचा हा डोळा मोटार वाइंडिंगच्या दुकानापर्यंत आणावा. तालुक्याच्या आयटीआयमध्ये वायरमनला तार जोडायला शिकवतात, तशी ती मोडीत काढून ओळखायलाही शिकवता येईल.

धोरणाची नजर मात्र वेगळीकडे आहे. नवी योजना प्रत्यक्ष खनिज वेगळं काढणाऱ्या उद्योगांनाच पैसे देते. बॅटऱ्या दळून काळी भुकटी करून थांबणाऱ्यांनाही ती लागू नाही, मग पक्कड घेऊन बसलेल्याची काय कथा! 2022 च्या ई-कचरा नियमांखाली पुनर्वापराची प्रमाणपत्रं मिळतात ती सोनं, तांबं, लोखंड आणि अॅल्युमिनियम यांवर. चांदी त्यात नाही. 2023 मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या 30 महत्त्वपूर्ण खनिजांतही ती नाही; गंमत म्हणजे जुन्या टिकल्यांत चांदीसोबत मिसळलेलं कॅडमियम त्या यादीत आहे. उलट टोकियो ऑलिम्पिकची पदकं जुन्या उपकरणांतून घडवली, तेव्हा जवळपास 79 हजार टन मालातून सोनं निघालं 32 किलो आणि चांदी साडेतीन हजार किलो. मोबाइलमधल्या सोन्याच्या गोष्टी ऐकून हुरळणाऱ्यांनी हे आकडे शेजारी-शेजारी ठेवावेत.

ढाणकीत असून असून किती पेट्या निघणार, हा आक्षेप रास्त आहे. एका गावाच्या टिकल्यांवर कोणाचं घर चालणार नाही. पण वेगळ्या काढलेल्या टिकल्या नासत नाहीत, जागा व्यापत नाहीत. डब्यात वर्षभर साठवून एकदम विकता येतात. दुसरा आक्षेप जास्त गंभीर. भाव कळला की चोऱ्या वाढतात, आणि डीपी फोडून तांबं पळवणाऱ्यांचा जाच शेतकऱ्यांना नवा नाही. मात्र त्या चोरीला अंधारा, कच्च्या पावतीचा व्यवहारच सोयीचा असतो. कोणत्या मोटारीतून किती किलो तांबं निघालं, याची वाइंडिंगवाल्याने नोंद ठेवली, तर चोरीचा माल मिसळणं अवघड होईल. तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे: ओळखायला शिकवलं की कोणीतरी घरामागे चूल मांडणार. म्हणून रेघ पकडीशीच ओढावी. कॅडमियमच्या टिकल्या वितळवल्या तर निघणारा धूर फुप्फुसं निकामी करू शकतो आणि त्रास जाणवेपर्यंत कित्येक तास जातात. प्लॅस्टिकची केबल जाळली तर डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात, वर जळक्या तांब्याला स्वच्छ सोललेल्या तांब्याचा भाव मिळत नाही. जाळणारा दोन्हीकडून बुडतो.

दरम्यान शेतांमधून सौर पंप उभे राहताहेत, आणि पॅनेलच्या काचेखाली ज्या बारीक पांढऱ्या रेषा दिसतात त्या सहसा चांदीच्याच असतात. 2034-35 पर्यंत मोडीत निघणारी पॅनेलं साठवून ठेवण्याची व्यवस्था करावी, असं ई-कचरा नियम उत्पादकांना सांगतात. वादळात तडकलेलं पॅनेल तोवर बांधावर पडून राहील की काचेच्या भावात काट्यावर चढेल, हे त्या गावातला कोणी त्या रेषा ओळखतो की नाही यावर अवलंबून आहे.