पहिल्या उत्तरानंतरचा प्रश्न

२३ एप्रिल २०२१ रोजी पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली. करोनाचे १३ रुग्ण दगावले, मृतांचा आकडा पुढे १५ वर गेला. त्याच दिवशी पंतप्रधानांची मुख्यमंत्र्यांबरोबर बैठक होती. पत्रकारांनी राज्याचे तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांना गाठले तेव्हा ते म्हणाले की ऑक्सिजन आणि रेमडेसिविरबद्दल पंतप्रधानांशी बोलू; विरारची घटना ‘नॅशनल न्यूज’ नाही, तिथली मदत राज्य सरकार करील. वाहिन्यांनी त्यातले दोन शब्द उचलले आणि दिवसभर तेच चालवले.

संताप रास्त होता. ज्यांच्या घरातले माणूस पहाटे गेले, त्यांना हे ऐकवायला नको होते. पण त्या गदारोळात अधिक महत्त्वाचा प्रश्न दबला. साडेतीन महिन्यांपूर्वी, ९ जानेवारीला, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत १० नवजात बालके गेली होती. त्यानंतर राज्यातल्या रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासण्याचे आदेश निघाले. त्या आदेशाचे विरारमध्ये काय झाले? तपासणीला कोण गेले, अहवालावर सही कोणाची? मंत्र्यांच्या तोंडून निसटलेल्या शब्दांपेक्षा या प्रश्नाला कितीतरी जास्त वेळ मिळायला हवा होता. सत्तेला जाब विचारणे म्हणजे पहिल्या उत्तरानंतरचा प्रश्न विचारणे, असे मी मानतो.

वसई-विरारमध्ये याची गरज इतर शहरांपेक्षा जास्त आहे. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावे मिळून महापालिका झाली. गावे वगळण्यासाठी मोठे आंदोलन झाले, त्याच वर्षी त्या लाटेवर विवेक पंडित वसईचे आमदार झाले. महापालिकेत मात्र हितेंद्र ठाकूर यांच्या बहुजन विकास आघाडीचाच शब्द चालला. २०१५ च्या निवडणुकीत ११५ पैकी १०६ नगरसेवक एकट्या आघाडीचे होते. अशा सभागृहात विरोधी बाकावरून प्रश्न यायचे तरी किती? ते काम आपोआप पत्रकार कक्षात बसलेल्यांकडे आले. जून २०२० मध्ये त्या सभागृहाचीही मुदत संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाची राजवट राहिली. महासभा आणि स्थायी समितीचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे गेले. प्रस्ताव त्याच्याच कार्यालयातून येणार, मंजुरीही तोच देणार. बातमीदाराने बसून ऐकावे असे वादळी सभागृहच उरले नाही. उरली प्रसिद्धिपत्रके, आणि आयुक्तांना वेळ मिळेल तेव्हा होणारी पत्रकार परिषद. ती कधी घ्यायची, किती वेळ, कोणाला बोलवायचे, हे सारे उत्तर देणारा ठरवतो. या काळाची किंमत आपण अजून पुरती मोजलेली नाही.

राजकीय पत्रकार परिषदेची मर्यादा १९ नोव्हेंबर २०२४ रोजी अख्ख्या देशाने विरारमध्ये पाहिली. विधानसभेच्या मतदानाला एक दिवस उरला होता. विवांता हॉटेलमध्ये भाजपचे राष्ट्रीय सरचिटणीस विनोद तावडे पैसे वाटत असल्याचा आरोप करत बहुजन विकास आघाडीचे कार्यकर्ते आत घुसले. आपण कार्यकर्त्यांना मतदानाच्या दिवसाचे नियम सांगायला आलो होतो, असे सांगत तावडे यांनी आरोप फेटाळला. निवडणूक यंत्रणेने ९ लाख ९३ हजारांची रोकड ताब्यात घेतली, गुन्हे नोंदवले. मग हॉटेलमध्येच पत्रकार परिषद सुरू झाली. प्रचाराची मुदत संपल्याचे कारण देत अधिकाऱ्यांनी ती थांबवली, आणि हितेंद्र ठाकूर व तावडे एकाच गाडीतून बाहेर पडले. चार दिवसांनी निकाल लागला. वसईत स्वतः हितेंद्र ठाकूर आणि नालासोपाऱ्यात त्यांचे पुत्र क्षितिज ठाकूर, दोघेही भाजपकडून हरले. बातमी निकालाकडे सरकली. ती रोकड कोणाची होती, गुन्ह्यांचा तपास कुठवर आला, याचा पाठपुरावा त्या दिवशी ओबी व्हॅन लावून उभ्या असलेल्या किती वाहिन्यांनी केला?

पाठपुरावा कागदावर होतो. बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना १९८१ मध्ये अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अंतुले यांच्या प्रतिष्ठानला मिळालेल्या देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांचा संबंध कागदपत्रांनिशी मांडला. खुलासे खूप झाले, पण ते त्या कागदांपुढे टिकले नाहीत. उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये अंतुले पायउतार झाले. असे कागद आपल्याकडेही होते. नालासोपारा पूर्वेला कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या पाडल्या गेल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. मे २०२५ मध्ये त्याच प्रकरणात ईडीने छापे घातले. ऑगस्टमध्ये विरारच्या विजय नगरमधली रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळून १७ माणसे गेली. नालासोपाऱ्यातल्या त्या जागेच्या आरक्षणाचा नकाशा तर सार्वजनिक दस्तऐवज. पहिला मजला चढत असतानाच तो छापून आला असता तर कर्ज काढून घर घेणाऱ्याला निदान इशारा मिळाला असता.

वसईला या कामाचा वारसा आहे. ‘सुवार्ता’ हे चर्चचे मराठी मासिक. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे संपादक होते आणि हरित वसई संरक्षण समितीचे नेतेही. बिल्डर, पाण्याचे टँकर आणि दहशत यांवर उघड बोलणे जिवावरचे होते, त्या काळात त्यांनी लिहिले आणि मोर्चेही काढले. आज जोखीम सरलेली नाही. पत्रकार संरक्षणाचा कायदा विधिमंडळाने २०१७ मध्ये मंजूर केला, तरी फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला पत्रकार शशिकांत वारिसे यांना गाडीखाली चिरडून मारण्यात आले. स्थानिक बातमीदाराला बहुधा बातमीमागे तुटपुंजे मानधन मिळते, आणि त्याच्या पत्राचा खर्च महापालिकेच्या व बिल्डरांच्या जाहिरातींवर चालतो. ज्याला जाब विचारायचा त्याच्याच जाहिरातीवर पगार अवलंबून असेल, तर एकट्याच्या धैर्याने किती दिवस निभावेल?

म्हणून वसईकर वाचकांना विनंती आहे. स्थानिक पत्राची वर्गणी भरा. माहिती अधिकारात मिळालेला कागद घरात ठेवू नका, बातमीदाराच्या हाती द्या. आणि पुढच्या दुर्घटनेनंतर मंत्री, आयुक्त किंवा आमदार माइकसमोर आले, की ते काय बोलले एवढ्यावर थांबू नका. मागच्या वेळी दिलेल्या आदेशाचे काय झाले, हे त्यांना विचारणाऱ्याच्या पाठीशी उभे राहा.