वेबसाइटची रुंदी किती ठेवायची? उत्तर गिऱ्हाइकाच्या हातात आहे!



वेबसाइट बनवायला दिली की पहिल्या-दुसऱ्या मीटिंगमध्ये डिझायनर हमखास विचारतो, "पेजची रुंदी किती ठेवू?" समोरचा उद्योजक गोंधळतो. "तुम्हीच बघा की, छान दिसली म्हणजे झालं," असं म्हणून विषय संपवतो. डिझायनरकडे मोठा मॉनिटर असतो, त्यावर साइट छानच दिसते. पैसे दिले जातात. मग लिंक व्हॉट्सॲपवर फिरते, आणि गिऱ्हाइकाच्या फोनवर 'ऑर्डर करा' हे बटण स्क्रीनच्या बाहेर गेलेलं असतं. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, लिंक बंद करून पुढे जातं. म्हणून नुकसान झालं हे आपल्याला कळतही नाही.

माझं भांड्यांचं दुकान आहे, त्यामुळे मला हा विषय दुकानाच्या भाषेतच सुचतो. दुकानाचा गाळा किती फुटी घ्यायचा हे आपण ठरवतो. वेबसाइटचं उलटं आहे. तिथे गाळा गिऱ्हाईक स्वतःच्या खिशात घेऊन येतं. कुणाचा गाळा अरुंद, कुणाचा ऐसपैस. आपला माल प्रत्येक गाळ्यात नीट मांडला गेला पाहिजे. व्हिडिओत आपण स्क्रीनवर करून पाहिलं, इथे आकड्यांसकट समजून घेऊ.

आधी थोडा इतिहास, कारण जुने सल्ले अजून फिरतायत

एक काळ होता, बहुतेक कॉम्प्युटरची स्क्रीन ८०० बाय ६०० ची असायची. तेव्हा पेज साधारण ७६० पिक्सेल रुंद करायचे. मग १०२४ बाय ७६८ च्या स्क्रीन आल्या आणि ९६० हा आकडा रूढ झाला. तो का? १०२४ मधून स्क्रोलबारची जागा गेली, दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडली, की ९६० आरामात बसतं. शिवाय ९६० ला २, ३, ४, ५, ६, ८, १२, १६ अशा कितीतरी आकड्यांनी भाग जातो. म्हणजे सारखे कॉलम पाडायला सोपं.

२००७ मध्ये आयफोन आला आणि हे गणित मोडलं. मे २०१० मध्ये ईथन मार्कोट या डिझायनरने एक लेख लिहून 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' ही कल्पना मांडली. पेज एकच, पण स्क्रीनप्रमाणे त्याने स्वतःची मांडणी बदलायची. आज सगळं त्याच पायावर उभं आहे. त्यामुळे कुणी तुम्हाला "९६० ठेवा" किंवा "१२०० ठेवा" असा एकच आकडा सांगून मोकळा झाला, तर समजा उत्तर अर्धंच मिळालंय.

फोनच्या खोक्यावरचा आकडा वेगळा, ब्राउझरचा आकडा वेगळा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. फोनच्या खोक्यावर १०८० बाय २४०० लिहिलेलं असतं. मग वाटतं, अरे, फोन तर जुन्या कॉम्प्युटरपेक्षा रुंद झाला! तसं नाही. ब्राउझर फोनचे अनेक बारीक ठिपके एकत्र करून एक पिक्सेल मोजतो. १०८० ठिपक्यांचा फोन ब्राउझरला बहुतेक वेळा ३६० च्या आसपासच रुंद वाटतो. पेजची रुंदी ठरवताना हा दुसरा आकडा धरायचा.

आपल्याकडे नेहमी भेटणारे आकडे असे आहेत:

- अँड्रॉइड फोन : ३६०, ३९३, ४१२
- आयफोन : ३७५, ३९०, ४३० (जुने छोटे फोन ३२०)
- टॅबलेट उभा धरला तर : ७६८ ते ८२०
- लॅपटॉप : १३६६, १५३६
- ऑफिसचा मॉनिटर : १९२०

यातला १५३६ कुठून आला? स्क्रीन १९२० चीच असते, पण विंडोजमध्ये अक्षरं मोठी दिसावीत म्हणून १२५ टक्के सेटिंग असतं. १९२० भागिले १.२५ म्हणजे १५३६. हेच सेटिंग १३६६ च्या लॅपटॉपवर केलं तर हातात फक्त १०९२ उरतात. म्हणजे "हल्ली सगळ्यांकडे मोठे लॅपटॉप आहेत, १२०० पक्की रुंदी चालेल" हेही खरं नाही.

चूक नेमकी कशी दिसते?

फोनवर चुकीची रुंदी दोन प्रकारे त्रास देते.

पहिला प्रकार : सगळं बारीक होतं. पेजमध्ये 'व्ह्यूपोर्ट'ची एक ओळ असते, ती ब्राउझरला सांगते की स्क्रीनची खरी रुंदी धर. ती ओळ नसेल तर फोन पेजला साधारण ९८० रुंद समजतो आणि दाबून ३६० मध्ये बसवतो. १६ पिक्सेलचं अक्षर जेमतेम ६ चं दिसतं. साठीच्या काकांना तुमचा भाव वाचताच येत नाही.

दुसरा प्रकार : पेज आडवं सरकतं. व्ह्यूपोर्ट आहे, पण पेजची रुंदी १२०० ठोकून बसवली आहे. ३६० च्या फोनवर तीस टक्केच भाग दिसतो. भाव उजवीकडे, बटण त्याच्याही पलीकडे. अंगठ्याने पेज डावी-उजवीकडे ओढत खरेदी करणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही.

गूगलचाही हिशोब यात आहे. एप्रिल २०१५ पासून मोबाइलवरच्या शोधात गूगल फोनवर नीट दिसणाऱ्या पानांना झुकतं माप देऊ लागलं. आता तर ते साइटचं मोबाइलवरचं रूपच वाचून नोंद ठेवतं. फोनवरच्या रूपातून भाव-माहिती काढूनच टाकली तर ती गूगललाही दिसत नाही.

मग ठरवायचं कसं? पाच पायऱ्या

१. सुरुवात ३६० पासून करा. डिझायनरकडून पहिलं चित्र फोनचं मागा, कॉम्प्युटरचं नंतर. अरुंद जागेत काय ठेवायचं हे ठरलं की मोठ्या जागेत पसरवणं सोपं असतं. भरलेलं मोठं दुकान छोट्या टपरीत कोंबणं अवघड. ३२० वरही काही कापलं जात नाही ना, एवढं बघून घ्या.

२. रुंदी ठोकून बसवू नका, कमाल मर्यादा घाला. डिझायनरला हे वाक्य जसंच्या तसं सांगा : "विड्थ १०० टक्के आणि मॅक्स-विड्थ ११४० ते १२०० ठेवा." अर्थ सोपा आहे. जागा कमी असेल तर पेज आकसेल, जास्त असेल तर १२०० च्या पुढे ताणलं जाणार नाही, मधोमध उभं राहील. एलिमेंटर वापरत असाल तर त्यात ११४० हा आकडा आधीपासून असतोच. तो बदलायची गरज नाही.

३. मालाचे कॉलम मोजून ठरवा. अंदाज नको, साधी वजाबाकी करा. फोन ३६०, दोन्ही कडेला १६-१६ सोडले की उरले ३२८. दोन कॉलम आणि मध्ये १२ ची फट ठेवली तर एका मालाला १५८ मिळतात. फोटो, नाव, भाव नीट बसतो. तीन कॉलम केले तर जेमतेम १०१ मिळतात, त्यात 'स्टेनलेस स्टील कढई' तीन ओळींत तुटते. टॅबलेटवर तीन कॉलम (प्रत्येकी साधारण २२४) आणि लॅपटॉपवर चार कॉलम (१२०० मध्ये प्रत्येकी २८२). बूटस्ट्रॅपसारख्या तयार साधनात मांडणी बदलण्याचे टप्पे ५७६, ७६८, ९९२, १२०० आणि १४०० असे आहेत. ते वापरले तरी चालतं. पण जिथे तुमचा माल दाटीवाटीत दिसायला लागतो, खरा टप्पा तिथेच असतो.

४. वाचायच्या मजकुराला वेगळी रुंदी. 'आमच्याविषयी', पाककृती, वापरण्याच्या सूचना असा मजकूर १२०० भर पसरवू नका. ओळ लांबली की डोळा पुढच्या ओळीची सुरुवात शोधत बसतो. ६५० ते ७०० पुरे. वर्डप्रेसच्या ट्वेंटी ट्वेंटी-टू थीममध्येही मजकुराची रुंदी ६५० च आहे. मराठीसाठी अक्षर १८ चं आणि ओळींमध्ये थोडी जास्त जागा ठेवा. नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात.

५. खरा मराठी मजकूर टाकूनच तपासा. डिझायनर नमुन्याला इंग्रजी शब्द टाकतो. 'बाय' हे बटण इवलंसं असतं. त्या जागी 'व्हॉट्सॲपवर ऑर्डर करा' आलं की बटण फाटतं किंवा अक्षरं कापली जातात. तुमच्या सगळ्यात लांब नावाचा माल निवडा आणि त्यावर चाचणी घ्या.

फोटो आणि बटणं : दोन छोट्या गोष्टी, मोठा फरक

फोनच्या कॅमेऱ्याचा फोटो चार हजार पिक्सेल रुंद असतो. तो तसाच टाकला तर गिऱ्हाइकाचा डेटा जातो आणि पेज उघडायला वेळ लागतो. वर पाहिलेली ३२८ ची जागा, तिप्पट ठिपक्यांचा फोन, म्हणजे ९८४. तेव्हा मालाचा फोटो १००० ते १२०० रुंद करून टाका, स्पष्टच दिसेल.

बटण अंगठ्याने दाबायचं असतं. अँड्रॉइडचा सल्ला ४८ चा, ॲपलचा ४४ चा. त्यापेक्षा कमी उंची नको. पत्ता-फोन भरायच्या चौकटीत अक्षर १६ पेक्षा लहान ठेवलं तर आयफोन आपोआप झूम होतो आणि पेज पुन्हा आडवं सरकतं.

पैसे देण्याआधी कोटेशनमध्ये हे लिहून घ्या

मित्रांनो, हा भाग नीट वाचा. 'मोबाइल व्हर्जनचे वेगळे पैसे' अशी ओळ कोटेशनमध्ये दिसली तर तिथेच थांबा. आज गिऱ्हाईक फोनवरूनच येतं, मग फोनवरची मांडणी हेच मूळ काम आहे. चार अटी घाला :

- ३६०, ७६८, १३६६ आणि १९२० या चारही रुंदींवर पेज दाखवायचं.
- कुठल्याही पानावर आडवं स्क्रोल येता कामा नये.
- भाव आणि ऑर्डरचं बटण फोनवर पूर्ण दिसलं पाहिजे. खाली तरंगणाऱ्या व्हॉट्सॲपच्या चिन्हाने ते झाकलं जाता कामा नये.
- शेवटचा हप्ता या चाचणीनंतर.

चांगला डिझायनर या अटींना नाही म्हणत नाही. उलट गिऱ्हाइकाला काय हवं ते माहीत आहे, हे बघून त्याचंही काम सोपं होतं.

आजचा गृहपाठ

लॅपटॉपवर क्रोममध्ये तुमची साइट उघडा. कंट्रोल, शिफ्ट आणि आय दाबा, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एम. वर रुंदीची चौकट येईल, त्यात ३६० टाका. मग कडा धरून हळूहळू रुंद करत जा आणि मांडणी कुठे मोडते ते कागदावर लिहा. साइट अजून नसेल तर तुमच्या धंद्यातल्या दोन स्पर्धकांच्या साइट अशाच तपासा, फुकटचं शिक्षण आहे.

एवढ्यावर थांबू नका. घरातला सगळ्यात जुना, काचेला तडा गेलेला फोन घ्या. आई-वडिलांकडे द्या आणि म्हणा, "यावरून एक ऑर्डर करून दाखवा." तुम्ही शेजारी बसा, पण बोट लावू नका, सांगूही नका. त्यांचा अंगठा जिथे अडेल, तिथलं काम सोमवारी सकाळी डिझायनरला पाठवा.