आडवं बोअर

विहिरीचं पाणी आटलं की आपल्याकडे आत मशीन सोडून आडवं बोअर मारतात. दख्खनच्या काळ्या कातळाचे थर एकावर एक बसलेले. पाणी खेळतं ते थरांच्या सांध्यांत आणि उभ्या भेगांत. उभ्या बोअरला एखादी भेग लागली तर लागते, आडवं मात्र भेगांमागून भेगा छेदत जातं. पाणी काढायची ही युक्ती पाण्यातलं विष काढायलाही चालते.

आडव्या बोअरला दिशा कशी देतात ते बघायचं तर डोंबिवलीत रात्री गॅसची पाइप किंवा केबल टाकणारी टोळी पाहा. रस्ता न फोडता मशीन जमिनीखालून रॉड ढकलतं. वर एक माणूस लोकेटर घेऊन चालतो, थोड्या थोड्या अंतरावर थांबतो, खोली वाचतो, डांबरावर खूण करतो. रॉडचं टोक तिरपं असतं: फिरवत ढकललं की सरळ जातं, न फिरवता ढकललं की वळतं. इतक्या साध्या गोष्टीवर सगळी दिशा सांभाळली जाते, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या सव्हाना रिव्हर या अण्वस्त्र-प्रकल्पात १९८८ मध्ये अशाच दोन आडव्या विहिरी खोदल्या. वर गळकी सांडपाणी-वाहिनी होती आणि तिच्यातून ग्रीस धुण्याचं द्रावक जमिनीत मुरलं होतं. खालच्या विहिरीतून हवा सोडली, वरचीतून वाफ ओढली. १९९० च्या चाचणीत १३९ दिवसांत सुमारे ७ टन द्रावक बाहेर आलं.

पाइप टाकताना भोक ढासळू नये म्हणून बेंटोनाइटचा चिखल वापरतात. विहिरीत तो चालत नाही, पाण्याच्या वाटाच लिंपून टाकतो. तिथे गवारीच्या डिंकाचा रस लागतो; काम झालं की तो विरघळवून धुऊन काढता येतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात डोंबिवलीला ७८.४१ गुण होते, सत्तरीपुढे 'अतिप्रदूषित'. एमआयडीसीत शेड शेडला खेटून. रिॲक्टरखाली उभं बोअर घ्यायचं कुठून? आडवं कुंपणाबाहेरून आत शिरतं, कारखाना चालू राहतो. हवेने फक्त उडून जाणारी द्रावकं निघतात. रंग, क्षार, धातू असतील तर पाणीच उपसून शुद्ध करावं लागेल. अखंड कातळात खर्चही फार. म्हणून आधी गळती बंद करावी, थराथरांतलं पाणी तपासावं, आणि मग एका भिंतीलगत चाचणीचं एक बोअर घ्यावंच.