लिनक्समध्ये ‘सी ड्राइव्ह’ असतो कुठे?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित पाठिंबा थांबवला. नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारे, पण अद्याप धडधाकट असलेले संगणक भंगारात काढण्यापेक्षा त्यांवर लिनक्स बसवावी, असा विचार काही जण करतात. ती बसवताना एका टप्प्यावर प्रश्न विचारला जातो : संपूर्ण डिस्क पुसायची, की विंडोजशेजारी जागा करायची? त्याचा अर्थ न उमगता कळ दाबली गेली, तर वर्षानुवर्षांची छायाचित्रे आणि हिशेबाच्या फाइली क्षणार्धात हातच्या जातात.

हार्ड डिस्क हा सलग भूखंड मानला, तर पार्टिशन म्हणजे त्यावर घातलेली कुंपणे होत. कोणते कुंपण कुठून कुठवर, याची नोंद डिस्कच्या आरंभीच्या तक्त्यात असते; तो जणू डिस्कचा सातबारा. १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसीसाठी आलेल्या डॉस २.० पासून रूढ झालेल्या ‘एमबीआर’ पद्धतीत या उताऱ्यासाठी अवघे ६४ बाइट राखलेले होते. प्रत्येक नोंदीला १६ बाइट लागत, म्हणून मुख्य पार्टिशन चारच. शिवाय जागेचा क्रमांक ३२ बिटांत मावेल एवढाच. त्यामुळे सुमारे दोन टेराबाइटपलीकडची जागा या पद्धतीला वापरताच येत नसे. नंतरच्या ‘जीपीटी’ पद्धतीत सर्वसाधारणपणे १२८ नोंदी मावतात आणि उताऱ्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी जपली जाते.

इथवर विंडोज आणि लिनक्स यांत फरक नाही. तो सुरू होतो पुढे. विंडोज प्रत्येक पार्टिशनला सी, डी, ई अशी अक्षरे देते. लिनक्समध्ये पहिल्या डिस्कला बहुधा ‘एसडीए’ म्हणतात व तिच्या पार्टिशनांना ‘एसडीए१’, ‘एसडीए२’. पण ही नावे वापरकर्त्याला एरवी दिसतही नाहीत. त्याला दिसतो एकच वृक्ष. त्याचे मूळ, म्हणजे ‘रूट’, तिरप्या रेघेने (/) दाखवतात आणि ऊर्ध्वमूल अश्वत्थाप्रमाणे त्याच्या फांद्या खाली पसरतात. ‘होम’ ही त्यांतलीच एक. दुसरे पार्टिशन वा पेनड्राइव्ह वापरायचा, तर या वृक्षावरील एखाद्या फोल्डरच्या जागी त्याचे कलम करावे लागते. यालाच ‘माउंट’ करणे म्हणतात.

ही कल्पना लिनक्सहून बरीच जुनी आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९७४ मध्ये युनिक्सवर लिहिलेल्या शोधनिबंधात तिचे वर्णन आढळते. त्या काळी काढता-घालता येणाऱ्या अवजड डिस्क यंत्रावर खरोखरच चढवाव्या लागत.

कलमाचा एक चकवा नवख्यांना हमखास रडवतो. ज्या फोल्डरवर पार्टिशन माउंट होते, त्यात आधीपासून फाइली असतील तर त्या दिसेनाशा होतात. त्या पुसल्या जात नाहीत, केवळ झाकल्या जातात. कलम काढले की पुन्हा दिसतात. याचे उलट टोक अधिक घातक. बाहेरची डिस्क काही कारणाने माउंट झालीच नाही आणि तरीही तिच्या फोल्डरमध्ये बॅकअप घेतला गेला, तर तो मुकाट्याने संगणकाच्या आतल्याच डिस्कवर उतरतो. मालक मात्र निर्धास्त असतो.

संगणक सुरू होताना कोणते पार्टिशन कुठे जोडायचे, हे ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलीत लिहिलेले असते. तिथे ‘एसडीबी१’सारखे नाव लिहिणे बेभरवशाचे, कारण डिस्क वाढली वा घटली की क्रम बदलू शकतो. त्याऐवजी प्रत्येक फाइल सिस्टिमला मिळालेला ‘यूयूआयडी’ हा स्वतंत्र क्रमांक लिहावा. ज्या डिस्कची उपस्थिती अनिवार्य नाही, तिच्यापुढे ‘नोफेल’ हा शब्द नसेल, तर त्या डिस्कविना संगणक सुरू होतानाच अडून बसण्याची शक्यता असते.

पेनड्राइव्ह उपटण्यापूर्वी ‘अनमाउंट’ करण्याचा आग्रह हाही निव्वळ सोपस्कार नाही. फाइल ‘कॉपी झाली’ असे पडद्यावर दिसते तेव्हा ती पुष्कळदा स्मृतीतच असते आणि काही सेकंदांनी डिस्कवर लिहिली जाते. अनमाउंट केल्याने ते उरलेले लेखन पूर्ण होते. ही आज्ञा टंकताना मात्र ‘यूमाउंट’ अशीच टंकावी लागते. मधला ‘एन’ युनिक्सच्या कर्त्यांनीच गाळला.

लिनक्स विंडोजशेजारी बसवायची असेल, तर विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ आधी बंद करावे. त्याने विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपी जाते आणि मग तिचे पार्टिशन लिनक्समध्ये बहुधा केवळ वाचता येते. चुकून पार्टिशनची नोंद पुसली गेलीच, तर आतली माहिती लगेच नष्ट होत नाही. ‘टेस्टडिस्क’सारख्या साधनाने हरवलेली कुंपणे शोधता येतात. एसएसडीवर मात्र नव्याने फॉरमॅट होताच जुनी जागा रिकामी झाल्याची सूचना अनेकदा डिस्कला दिली जाते आणि मग परतीची वाट जवळपास बंद होते. म्हणूनच छायाचित्रांची प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि लिनक्स बसवण्यापूर्वी ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. अन्यथा पुसण्यासाठी निवडायच्या डिस्कांच्या यादीत तीही दिसते.