उगम आणि वहिवाट : आइल ऑफ वाइट बेटावरील लोकसंगीत व मॉरिस नृत्य

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला,

• लोकपरंपरेचा उगम आणि तिची वहिवाट यांतील भेद स्पष्ट करता येईल;
• मॉरिस नृत्याचे स्वरूप, त्याचा इतिहास आणि पुनरुज्जीवन यांचा परिचय देता येईल;
• बोलीकोश हे लोकसाहित्याच्या अभ्यासाचे साधन कसे ठरते, हे सांगता येईल;
• आपल्या परिसरातील लोककलेची नोंद करताना कोणते प्रश्न विचारावेत, हे ठरवता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, कोकणातील नमन-खेळे, दशावतार किंवा गोव्यातील शिगमो यांविषयी बोलताना ‘ही कला मूळची कुठली?’ हा प्रश्न आपण सर्वांत आधी विचारतो. प्रश्न योग्यच आहे. मात्र अनेकदा त्याचे उत्तर हाती येताच अभ्यास संपला, असे आपण मानतो. एखादी कला परगावाहून आलेली आहे असे कळले, की ती ‘आपली नव्हे’ असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. हा निष्कर्ष कितपत टिकतो, हे तपासण्यासाठी या घटकात आपण एक दूरचे उदाहरण घेणार आहोत. स्वतःच्या परंपरेविषयी आपल्याला जिव्हाळा असतो आणि अभिमानही असतो. परक्या उदाहरणाकडे तुलनेने निर्लेप दृष्टीने पाहता येते.

हे उदाहरण आहे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत असलेल्या आइल ऑफ वाइट या बेटाचे. सॉलेंट नावाच्या अरुंद सामुद्रधुनीने ते मुख्य भूमीपासून विलग झाले आहे. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ३८० चौरस किलोमीटर, तर लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार आहे. मुख्य भूमीशी त्याला जोडणारा पूल नाही आणि बोगदाही नाही. ये-जा होते ती जलमार्गानेच. असे असूनही या बेटावर लोकगीतांच्या बैठका भरतात आणि मॉरिस नावाचे समूहनृत्य चौकांत, बंदरांवर व मद्यगृहांच्या अंगणांत नाचले जाते.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ मॉरिस नृत्याचे स्वरूप

मॉरिसच्या सर्वांत परिचित प्रकारात सहा नर्तक तीन-तीनच्या दोन रांगांत समोरासमोर उभे राहतात. त्यांच्या नडगीवर घुंगरांच्या पट्ट्या बांधलेल्या असतात. हातात पांढरे रुमाल किंवा आखूड काठ्या असतात. रुमाल एकाच क्षणी हवेत उडतात आणि काठ्या ठरलेल्या मात्रेवर परस्परांवर आपटतात. संघाला प्रमुख असतो, हिशेब व पत्रव्यवहार पाहणारा कारभारी असतो आणि बहुधा एक विदूषकही असतो. नर्तकांच्या रांगांतून फिरणारा हा विदूषक प्रेक्षकांची थट्टा करतो. तमाशातील सोंगाड्याची आपल्याला येथे आठवण होईल. काठ्यांचा खेळ पाहून टिपरीनृत्यही आठवेल. मात्र साम्य आढळले म्हणजे समान उगम सिद्ध झाला, असे नव्हे. हातात काठी आणि पायात घुंगरू घेऊन तालावर नाचणे ही कल्पना एकाहून अधिक समाजांना स्वतंत्रपणे सुचू शकते.

मॉरिसचे प्रादेशिक प्रकार पुष्कळ आहेत. वर वर्णिलेला प्रकार कॉट्सवोल्ड या डोंगराळ प्रदेशातील खेड्यांचा. वेल्सच्या सीमेलगतचा प्रकार अधिक आडदांड असून त्यात चिंध्यांचे अंगरखे घालतात. इंग्लंडच्या वायव्येकडील गिरणगावांत लाकडी तळाचे बूट घालून मिरवणुकीत नाचण्याची रीत होती. पूर्वेकडे नांगरणीच्या हंगामारंभी, जानेवारीत, शेतमजूर नाचत. कॉट्सवोल्डमध्ये तर एकाच चालीवर प्रत्येक खेड्याचे पदन्यास वेगळे असत. बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपण म्हणतो. येथे चार-सहा कोसांवर नाच बदलत होता. भाषेला बोली असतात, तशा नृत्यालाही असतात, हे ध्यानात ठेवावे.

४.३.२ नावाची साक्ष

‘मॉरिस’ हा शब्द भाषाभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटेल. तो ‘मूर’ या शब्दाशी संबंधित आहे. उत्तर आफ्रिकेतील मुस्लिमांना युरोपात मूर म्हणत. ‘मूरांच्या पद्धतीचे नृत्य’ या अर्थाचे शब्द पंधराव्या शतकात युरोपातील अनेक भाषांत प्रचलित होते आणि त्याच शतकात ते इंग्रजीतही आले. लंडनच्या सोनारांच्या संघाने १४४८ साली मॉरिस नर्तकांना मोबदला दिल्याची नोंद उपलब्ध आहे. म्हणजे आरंभीच्या नोंदींत हे नृत्य श्रीमंतांच्या समारंभांत दिसते. खेड्यापाड्यांत ते पुढे रुजले. पुढे १६०० साली विल केम्प या विनोदी नटाने लंडनपासून नॉरिचपर्यंतची वाट मॉरिस नाचत पार केली. शेक्सपिअरच्या नाट्यमंडळीत काम केलेला हा नट नाचला ते दिवस नऊ होते.

ज्या नृत्याला आज ‘अस्सल इंग्रजी’ मानले जाते, त्याचे नावच परकेपणाची खूण वागवते. यात विसंगती मानण्याचे कारण नाही. मराठीतील ‘जमीन’ आणि ‘मेज’ फारसीतून आले, ‘पगार’ आणि ‘बटाटा’ पोर्तुगिजांकडून आले. तरी हे शब्द परके म्हणून आपण ते उच्चारायचे थांबत नाही. शब्दाची व्युत्पत्ती त्याचा जन्म सांगते, आजचा अर्थ मात्र त्याच्या वापरातून ठरतो. लोककलेच्या बाबतीत हाच भेद आपण ‘उगम’ आणि ‘वहिवाट’ या दोन शब्दांनी करणार आहोत.

४.३.३ ऱ्हास आणि पुनरुज्जीवन

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक खेड्यांतून मॉरिस नाहीसे होत चालले होते. २६ डिसेंबर १८९९ रोजी ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन क्वॉरी या गावचे नर्तक अवेळी नाचायला बाहेर पडले. त्यांचा नेहमीचा हंगाम वसंताच्या अखेरचा. परंतु कडाक्याच्या थंडीमुळे बांधकामाची कामे थांबली होती आणि हाताला काम नसल्याने चार पैसे मिळवणे भाग होते. संगीताचे अध्यापक सेसिल शार्प त्या वेळी तेथे नातेवाइकांकडे मुक्कामाला होते. त्यांनी कॉन्सर्टिना वाजवणाऱ्या विल्यम किंबर या गवंड्याला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले आणि त्याच्याकडून चाली उतरवून घेतल्या. इंग्लंडमधील लोकनृत्याच्या संकलनाची कहाणी सांगताना या दिवसाचा उल्लेख टळत नाही. तिच्या मुळाशी मजुरांची बेकारी होती, हे विसरू नये.

शार्प यांनी चाली टिपल्या. पण नाच पुन्हा पायांत आणण्याचे श्रेय प्रथम मेरी नील यांना द्यावे लागते. लंडनमधील शिवणकाम करणाऱ्या गरीब मुलींसाठी त्या एक मंडळ चालवत. १९०५ साली त्यांनी किंबर यांना बोलावून या मुलींना मॉरिस शिकवले आणि पुढे त्या मुलीच ठिकठिकाणी जाऊन नाच शिकवू लागल्या. लवकरच शार्प आणि नील यांच्यात मतभेद झाले. पदन्यासांचे बिनचूक जतन व्हावे, हा शार्प यांचा आग्रह होता. नृत्यातील उत्साह आणि सर्वांचा सहभाग नील यांना महत्त्वाचा वाटे. १९११ साली शार्प यांनी लोकनृत्य संस्था स्थापन केली आणि त्यांचा पक्ष प्रबळ ठरला. पुढे १९३४ साली पुरुषसंघांची मध्यवर्ती संघटना उभी राहिली आणि मॉरिस ही पुरुषांचीच मिरास आहे, अशी समजूत दृढ झाली. स्त्रियांना आपली स्वतंत्र संघटना स्थापन करण्यासाठी १९७५ साल उजाडावे लागले. ज्या मुलींनी हा नाच शहरात रुजवला, त्यांच्याच नाती-पणतींना ‘ही तुमची परंपरा नव्हे’ असे ऐकावे लागले. परंपरेच्या नावाने मांडलेला दावा नेहमीच इतिहासाला धरून असतो असे नाही, हे यावरून दिसते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
‘मॉरिस’ या शब्दाच्या व्युत्पत्तीवरून उगम आणि वहिवाट यांतील भेद आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.

४.३.४ बेटाची बोली आणि बेटाचा ठेवा

आता बेटाकडे वळू. आज तेथे नाचल्या जाणाऱ्या मॉरिस-शैली कॉट्सवोल्ड, वेल्सची सीमा किंवा वायव्येकडील गिरणगावे अशा अन्य प्रदेशांच्या आहेत. विसाव्या शतकातील पुनरुज्जीवनाच्या लाटेबरोबर त्या सॉलेंट ओलांडून आल्या. मग बेटाचे स्वतःचे काय होते? याचे उत्तर देणारे एक महत्त्वाचे साधन म्हणजे बोलीकोश.

डब्ल्यू. एच. लाँग यांनी १८८६ साली आइल ऑफ वाइटच्या बोलीचा कोश प्रसिद्ध केला. शब्दार्थ देऊन ते थांबले नाहीत. शब्दांच्या जोडीला त्यांनी बोलीतील किस्से दिले आणि पुरवणीत नाताळात घरोघरी सादर होणारे लोकनाट्य, सुगीच्या अखेरच्या मेजवानीचे वर्णन व कष्टकऱ्यांच्या तोंडची गाणी छापली. या नाताळी खेळांचा इंग्लंडभर आढळणारा साचा असा : दोन वीर लढतात, एक मरून पडतो, आणि बढाईखोर वैद्य येऊन त्याला जिवंत करतो. शब्द एकटा जगत नाही. तो गाण्यात, खेळात, जेवणाच्या पंगतीत जगतो, ही दृष्टी या कोशाच्या रचनेतच दिसते.

बेटाच्या बोलीतील काही शब्द पाहा. ‘मॅलिशॅग’ म्हणजे सुरवंट, ‘गॅलीबॅगर’ म्हणजे बुजगावणे, ‘नॅमिट’ म्हणजे कामाच्या मधल्या वेळचे खाणे. बेटावर जन्मलेला तो ‘कॉकहेड’ आणि पाण्यापलीकडून आलेला तो ‘ओव्हरनर’. शेवटची जोडी लक्षणीय आहे. आपला आणि बाहेरचा हा भेद कोकणी माणसाच्या ‘चाकरमानी’ या शब्दातही डोकावतो. फरक इतकाच, की चाकरमानी बाहेर राहूनही आपलाच असतो.

एकोणिसाव्या शतकात राणी व्हिक्टोरियाने बेटावर निवासस्थान उभारले, रेल्वे आली, पर्यटन वाढले आणि पाण्यापलीकडून लोक वस्तीला येत राहिले. बोली क्षीण होत गेली. आज यांतील बरेच शब्द रोजच्या बोलण्यात क्वचितच येतात, पण दुकानाच्या पाटीवर किंवा पदार्थाच्या नावात जपलेले दिसतात. ‘गॅलीबॅगर’ हे आज बेटावर तयार होणाऱ्या एका चीजचे नाव आहे. शब्द व्यवहारातून निघून अस्मितेच्या प्रांतात गेला, की तो जिवंत म्हणावा की जतन केलेला, हा प्रश्न भाषाविज्ञानात नेहमी उपस्थित होतो.

४.३.५ प्रसंग आणि सहभाग

आइल ऑफ वाइट आणि संगीत हे शब्द एकत्र आले, की अनेकांना १९७० सालचा प्रचंड रॉक महोत्सव आठवतो. त्याला लाखोंचा जमाव लोटला आणि परिणामी १९७१ साली बेटावरील मोठ्या मुक्कामी मेळाव्यांना परवाना आवश्यक करणारा कायदा झाला. लोकसंगीताचे प्रसंग याच्या अगदी उलट प्रकृतीचे असतात. बैठकीत रंगमंच नसतो. वादक टेबलाभोवती बसतात. एकजण चाल सुरू करतो, ज्यांना ती येते ते सामील होतात. गायक आणि श्रोता यांच्यातील सीमा ध्रुपदाच्या ओळीवर पुसली जाते. आपल्या भजनी मंडळाची बैठक ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना हे अधिक सांगायला नको.

मॉरिसचे वर्षही ठरलेले असते. हिवाळ्यात बंद सभागृहात सराव, १ मे रोजी पहाटे सूर्योदयाला नाच, त्यानंतर उन्हाळाभर संध्याकाळी जाहीर प्रयोग, आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा एक फेरी. बेटावर मुख्य भूमीवरील संघ पाहुणे म्हणून येतात ते बोटीने. परतीच्या बोटीची वेळ कार्यक्रमाची लांबी ठरवते. नर्तकांत शिक्षक, सुतार, परिचारिका, निवृत्त कारकून असे नाना व्यवसायांचे लोक असतात. सराव करणारे पाय कमी झाले, की सहाचा चौक भरत नाही आणि नाच उभाच राहू शकत नाही. म्हणून ‘तुम्ही मूळचे कुठले?’ यापेक्षा ‘पुढच्या आठवड्यात सरावाला येणार का?’ हा प्रश्न संघाच्या दृष्टीने अधिक निकडीचा ठरतो. कॉकहेड आणि ओव्हरनर हा भेद येथे एका रांगेत उभा राहून मावळतो.

वाद्यांची कथाही हेच सांगते. पूर्वी मॉरिसला एकच माणूस एका हाताने पावा आणि दुसऱ्या हाताने लहान ढोल वाजवी. नंतर फिडल आले. एकोणिसाव्या शतकापासून भात्याची आणि मोकळ्या पत्तीची कॉन्सर्टिना व मेलोडियन ही वाद्ये रुळली. आपली पेटी याच कुळातील. पॅरिसमध्ये १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले गेले. आज पेटीवाचून कीर्तन किंवा नाट्यसंगीत कल्पिणे कठीण आहे. पेटी आपली झाली ती जन्माने नव्हे, वापराने.

४.३.६ काय ठेवावे, काय सोडावे

वहिवाट महत्त्वाची म्हणजे जे चालत आले ते सारेच चालू ठेवावे, असा अर्थ मात्र होत नाही. वेल्स-सीमेच्या प्रकारात चेहरा पूर्ण काळा रंगवण्याची रीत होती. ‘ओळख लपवण्यासाठी मजूर काजळी फासत’ असे तिचे समर्थन केले जाई. परंतु कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या करमणुकीच्या खेळांची छाया त्या रीतीवर होती आणि पाहणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाला तो रंग अवमानकारकच वाटे. २०२० साली मॉरिस संघटनांनी ही प्रथा बंद करण्याचे एकत्रितपणे ठरवले. अनेक संघ आता निळा, हिरवा अशा रंगांचा वापर करतात. नाच थांबला नाही. परंपरेचे धारक स्वतः तिच्यात बदल करतात, तेव्हा ती मोडली असे न मानता तिची धुरा त्यांनी स्वीकारली असे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

४.४ सारांश

मॉरिसचे नाव परके, त्याच्या शैली अन्य प्रदेशांच्या, वाद्ये उशिराची आणि नर्तकांपैकी काही बाहेरून आलेले. तरीही आइल ऑफ वाइटवरील हे नृत्य तेथील लोकजीवनाचा भाग आहे, कारण तेथील माणसे ते दरवर्षी ठरलेल्या प्रसंगी, परस्परांना शिकवून नाचतात. याउलट, लाँग यांच्या कोशातील पुष्कळ शब्दांचा उगम निःसंशय स्थानिक असूनही वहिवाट आटल्यामुळे ते कागदावर उरले. उगमाचा शोध आवश्यक आहे. कोश, हस्तलिखिते आणि हिशेबाच्या नोंदी यांवाचून तो घेता येत नाही. परंतु परंपरेचे आयुष्य ठरते ते कोण, केव्हा, कोणाकडून शिकतो यावर. आपल्या गावच्या लोककलेविषयी लिहिताना ‘ही किती जुनी?’ या प्रश्नाच्या शेजारी ‘या वर्षी ती कोणी शिकली?’ हा प्रश्नही अवश्य लिहावा.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २

१. सेसिल शार्प आणि मेरी नील यांच्या भूमिकांतील फरक सांगून, आपल्या मते लोककलेच्या जतनासाठी कोणती भूमिका अधिक उपयुक्त आहे, ते सकारण लिहा.
२. बोलीकोशात गाणी व लोकनाट्य समाविष्ट केल्याने कोणते लाभ होतात?
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या परिसरातील भजनी मंडळ, नमन मंडळ, लेझीम पथक किंवा तत्सम एका गटातील तीन व्यक्तींशी बोला. त्यांनी कला कोणाकडून घेतली, ते ती कोणाला देत आहेत आणि त्यांच्या हयातीत तिच्यात कोणता बदल झाला, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यांच्याच बोलीत, जशीच्या तशी लिहून काढा.